पाच मिनिटं गप्प

प्रिय ताई,

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की पत्राचं कारण सुरुवातीलाच लिहावं. मी ते अगदी शेवटी लिहिणार आहे. पण तुझी खोड मला पक्की ठाऊक आहे. कुठलंही पुस्तक हातात घेतलंस की तू आधी शेवटचं पान वाचतेस आणि मग जगाला सांगत सुटतेस. म्हणून या पानांवर मी आकडेच घातलेले नाहीत. आता बस शोधत.

आधी बातमी. चिमूट आता मान धरते. मान धरली की इकडेतिकडे बघते आणि जे दिसेल त्याच्यावर खूश होते. काल ती पंख्यावर खूश होती, आज सकाळी माझ्या कोपरावर. तिचं नाक तुझं आहे. फोटो बघून नाही म्हणू नकोस, फोटोत कुणाचंच नाक खरं येत नाही. प्रत्यक्ष येऊन बघ आणि मग भांड. चिमूट हे नाव तिच्या बाबानं ठेवलंय, कारण जन्मली तेव्हा ती माझ्या भाषेत चिमूटभरच होती. आता ती चांगली वाटीभर झाली आहे, तरी नाव काही सुटत नाही.

तू अजून तिला पाहिलेलं नाहीस. आधी तुमच्या पोहण्याच्या तलावाची फरशी उखडली होती, मग मुलांच्या स्पर्धा आल्या, मग तुला सर्दी झाली. ताई, धन्य ती सर्दी. इतकी टिकाऊ वस्तू हल्ली बाजारात मिळत नाही. मी रागावलेली नाही, खरंच नाही. पण तू यावंस असं मला फार फार वाटतं, आणि हेच मी या पत्रात फिरून फिरून सांगणार आहे. इतर वेळी माझं बोलणं तू अर्ध्यात तोडतेस, पत्रात तुला ते जमणार नाही.

तुला सगळं तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, कारण मी फोनवर सांगते तेही तुकडेच असतात. आज सलग सांगते. ती तपासणी आठवते? ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि मग थांबून थांबून रक्त काढलं. मी ते पाणी प्यायले आणि सवयीनं म्हणाले, थोडं लिंबू हवं होतं. रक्त काढणारी मुलगी इतकी हसली की तिनं सुई खाली ठेवली. अहवाल आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. गरोदरपणातली साखर, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटलं, झालं, केक करणाऱ्या बाईला जन्माची शिक्षा मिळाली. चव घेऊन घेऊन मीच हे ओढवून घेतलं, असं म्हणून मी तिथेच डोळ्यांना पदर लावणार होते. त्यांनी मला दटावलं. म्हणाल्या, बाळाच्या वारेतून येणारी द्रव्यं इन्सुलिनच्या वाटेत आडवी येतात, काहींचं शरीर ते निभावून नेतं, काहींचं नाही. ज्यांनी आयुष्यात केक हुंगला नाही अशा बायकाही माझ्याकडे येतात, तेव्हा रडू नका, जेवण सांभाळा, चाला आणि मोजा.

रडणं थांबलं, पण घोडं अडलं ते चवीवर. चव घेतल्याशिवाय मी आजवर एक केक दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही. आता माझ्या जिभेला सुट्टी, आणि बदली म्हणून कोण, तर माझा नवरा! मीठ विसरलेली आमटी आणि खारट झालेली आमटी दोन्ही तो सारख्याच समाधानानं जेवतो. चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलेला माणूस. पहिल्या दिवशी त्याला दोन चमचे दिले, तर डोळे बारीक करून म्हणाला, आता बरं की मघाचं बरं, परत एकदा दाखव. गिऱ्हाइकाला भिंग बदलून विचारतो ना, अगदी तसं. एका केकला त्यानं मला सहा वेळा चमचे बदलायला लावले आणि शेवटी निकाल दिला की दोन्ही सारखेच स्पष्ट आहेत. मी कपाळावर हात मारला. पण तुला सांगते, महिन्याभरात त्याला लिंबाची साल कळायला लागली. आता तो शेजाऱ्यांसमोर भाव खातो.

साखर मोजायचं छोटं यंत्र मी सकाळी घरी वापरून मग दुकानामागच्या खोलीत नेऊन ठेवायची. जेवण झालं की भट्टीचं घड्याळ लावायचं, घड्याळ वाजलं की बोट टोचायचं. सकाळी घरी मोजलं की आकडा शहाण्या मुलासारखा. दुपारी दुकानात मोजलं की आभाळाला भिडलेला. मी भात सोडला, पाव सोडला, शेवटी फळाकडे बघायचंही सोडलं, तरी दुपारचा आकडा ऐकेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की असंच चाललं तर दुपारचं इन्सुलिन सुरू करू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बाळाला ते अपाय करत नाही. मला कळत होतं. तरी एका दुपारी तो आकडा बघून मी पिठाच्या पोत्यावर बसले आणि भोकाड पसरलं. हा शेजारच्या त्याच्या दुकानातून धावत आला, काय करावं ते न सुचून माझं टोचलेलं बोट धरलं आणि त्याचा मुका घेतला. मग तो थांबला. ओठ चाटले. पुन्हा एकदा बोट तोंडात घातलं आणि महिनाभराच्या शिकवणीचा सगळा अधिकार आवाजात आणून म्हणाला, अगं, हे तर गोड आहे.

ताई, मी हात धुवायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तशी साबण लावून अगदी नीट धुवायची. आणि धुतलेले हात पुसायची कशाला? ॲप्रनला! सकाळपासून पिठीसाखरेत बुडालेल्या ॲप्रनला. त्या यंत्रानं बिचाऱ्यानं माझं रक्त मोजलंच नव्हतं, माझं दुकान मोजलं होतं. आम्ही दोघं पोत्यावर बसून हसलो, हसता हसता मला उचकी लागली. हात पुन्हा धुतले, स्वच्छ टॉवेलला पुसले, मोजलं, तर आकडा जमिनीवर. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्याही टेबलावर डोकं ठेवून हसल्या. इन्सुलिन टळलं. साखर खोटी नव्हती, ती होतीच, पण जेवण आणि चालणं एवढ्यावर ती आवरण्यासारखी होती. आता त्यांच्या दवाखान्यात पाटी आहे, बोट टोचण्याआधी हात धुवा आणि स्वच्छ कपड्याला पुसा. ते शेवटचे चार शब्द माझ्या नावावर आहेत.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट आमच्या ध्यानातून निसटत होती. आम्ही सगळे साखरेवर डोळे लावून बसलो होतो आणि रक्तदाब मागच्या दारानं हळूहळू वर चढत होता. एका भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काठावर आहे, दर आठवड्याला या, जमलं तर घरीही मोजा. मी तुला ते फोनवर बोलता बोलता, क्रीमचा भाव सांगावा तसं सांगितलं. आणि तू गप्प झालीस. तू, जिची हाक तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, जिला शिट्टी लागत नाही. मला वाटलं फोन कटला.

दोन दिवसांनी पार्सल आलं, रक्तदाबाचं यंत्र. पाठोपाठ तुझा फोन आणि हुकमांची माळ. टेकायला पाठ असलेली खुर्ची घे. पाय जमिनीवर टेकव, पायावर पाय टाकायचा नाही. पट्टा उघड्या दंडावर बांध, हात टेबलावर, छातीच्या उंचीवर. आणि आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. मी म्हणाले, बरं, बसेन. तू म्हणालीस, तू बसशील होय? मी फोन ठेवत नाही. लहानपणापासून ओळखतेस मला. पोहायला शिकवताना श्वास धर म्हणालीस तर मी पाण्याखाली बोलायला तोंड उघडलं होतं आणि तळ गाठला होता. तेव्हापासून मी तुझी ढेकूळ.

मग रोज चार वाजता, तुझी छोट्यांची तुकडी पाण्याबाहेर आणि मोठ्यांची आत जायच्या मधल्या वेळात, आपण दोघी फोन कानाला लावून पाच मिनिटं काहीही बोलायचो नाही. कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पहिल्या दिवशी मला तिसऱ्याच मिनिटाला हसू फुटलं आणि तू पुन्हा सुरुवातीपासून बसवलंस. पुढे मला त्याची गोडी लागली. तुझ्याकडून ओल्या पावलांचे आवाज यायचे, कुणीतरी सूर मारायचं, कुणाचा तरी चष्मा हरवायचा. त्या सगळ्याच्या मागे तुझा श्वास असायचा. माझ्या आयुष्यात तू माझ्याशी इतकी कधी बोलली नाहीस, जितकी त्या पाच मिनिटांत गप्प राहून बोललीस. तू कशाबद्दल गप्प आहेस ते मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं की मला माहीत आहे. मग मी आकडा सांगायची, तू हं म्हणायचीस, आणि शिट्टीशिवायच मोठ्यांच्या तुकडीवर ओरडायला लागायचीस.

पुढे एका आठवड्यात माझा चष्मा कानामागे रुतायला लागला. नवऱ्यानं फ्रेम सैल करून दिली. दोन दिवसांनी पुन्हा रुतली, त्यानं पुन्हा सैल केली आणि फ्रेमच्या कंपनीला नावं ठेवली. कंपनीचा काय दोष, माझं तोंडच सुजत चाललं होतं! पण आमच्या घरात माणसाआधी चष्मा तपासतात. मग एक दिवस मी तीन मजली केकवर क्रीम चढवत होते आणि डोकं सकाळपासून ठणकत होतं. दुपारनंतर डोळ्यांसमोर चकाकणारे ठिपके यायला लागले. मी म्हणाले, माझा नंबर बदललाय वाटतं. हा म्हणाला, चल, बघू. त्याच्या दुकानात मला त्या उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवली आणि एकेक भिंग घालून विचारत राहिला, आता बरं की मघाचं बरं. एकाही भिंगानं ठिपके जाईनात. त्याला वाटलं, भिंगं पुसायला हवीत. तो ती एकेक करून पुसत होता, ताई, आणि तेवढ्यात चार वाजले आणि तुझा फोन वाजला.

मी तुला ती गंमत म्हणून सांगितली. ठिपके, डोकं, आणि बरगडीखाली सकाळपासून काहीतरी दुखतंय तेही. तू विचारलंस, यंत्र कुठे आहे. ते माझ्या पिशवीतच होतं. बांध, म्हणालीस. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता. मी वाट बघत होते की तू ओरडशील. पण तुझा आवाज इतका खाली आला की तो तुझाच आहे का ते कळेना. तू म्हणालीस, दोघं आत्ताच्या आत्ता निघा, पिशवीबिशवी काही भरू नका, इस्पितळात फोन मी करवते, तू माझ्याशी बोलत राहा. केक तसाच राहिला. ती लोखंडी फ्रेम माझ्या नाकावर तशीच राहिली, ती आम्हाला अर्ध्या रस्त्यात कळली.

गाडीत वाटभर तू फोनवर बोलत होतीस. कुठला तो गृहस्थ, जो पोटाला दोन आणि दंडाला दोन फुगे बांधून उथळ पाण्यात उतरला आणि तरीही जीवरक्षकाला हाका मारत होता. मी हसत होते आणि माझे दात वाजत होते. नवरा गाडी चालवता चालवता रडत होता आणि तुला कळू नये म्हणून मधूनच हसल्यासारखं करत होता. आणि मग त्या फुगेवाल्याच्या गोष्टीच्या मधोमध, आवाज न बदलता, तू म्हणालीस, मी झोपले होते गं त्या दिवशी. माझंही डोकं असंच दुखत होतं, सगळे म्हणाले जरा पड, बरं वाटेल, आणि मी झोपले. उठले तेव्हा उशीर झाला होता. तू नाही झोपायचंस. मग तू पुढच्याच वाक्याला पुन्हा फुगेवाल्यावर आलीस. इतक्या वर्षांत तू त्या दिवसाबद्दल बोललेलं तेवढंच.

पुढचं इस्पितळातलं तुला माहीत आहे. लघवीत प्रथिनं सापडली, आणि डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं की आता बाळ बाहेर येणं हाच यावरचा इलाज आहे. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध लावलं, तेव्हा अंगातून अशी धग निघाली की मी भट्टीचं दार उघडं राहिलं म्हणून ओरडले. मग शस्त्रक्रिया. आणि मग पडद्यापलीकडून एक बारीकसा, चिडलेला, अगदी तुझ्या घराण्यातला आवाज. वेळेआधी आलेली, चिमूटभर, पण काय तो आवाज! तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि तिच्या टाचेला टोचून साखर मोजली, कारण अशा आयांच्या बाळांची साखर जन्मल्यावर एकदम खाली येऊ शकते. तेव्हा तिचा बाबा काचेला नाक लावून उभा होता. त्यानं नर्सला अगदी गंभीरपणे विचारलं, टाच नीट पुसली ना? कशाला पुसली? ती नर्स अजून त्याला बघितलं की तोंड फिरवून हसते. चिमुटीची साखर ठीक होती. माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

बाळ झालं म्हणजे रक्तदाब लगेच शहाणा होतो असं नाही, म्हणून घरी आल्यावरही आपला चार वाजताचा फोन चालूच राहिला. फक्त आता आपल्या गप्प बसण्यात तिसरी सामील झाली होती आणि ती अजिबात गप्प बसायची नाही. ती ओरडली की तुझा श्वास थांबायचा, मला ऐकू यायचं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गोळी बंद, रोज मोजायची गरज नाही, साखरही जागेवर आली आहे, मात्र दोन्ही दर वर्षी तपासायचं, आयुष्यभर, विसरायचं नाही. मी तुला आनंदानं सांगितलं. तू म्हणालीस, सुटलीस बाई. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला नाही. मोजायचं नाही म्हणून तुला फोनचं कारण उरलं नाही. मी मात्र अजून चार वाजता त्या खुर्चीत बसते, पाय जमिनीवर टेकवून. सवय वाईट.

आता कारण. हेच पान आधी उचललं असशील तर मुकाट्यानं मागे जा आणि सगळं वाचून ये. मागच्या रविवारी भाऊजी एकटेच आले, तुझी सर्दी घेऊन. त्यांनी चिमुटीला घेतलं, खिडकीशी नेलं. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, तुझ्या ताईनं त्याचं नाव ठेवलं होतं, आमच्या दोघांतच आहे ते, कुणी कधी विचारलं नाही. ताई, आपल्या घरात आपण त्याला नेहमी 'तुझ्या वेळी', 'तेव्हा', 'ते झालं तेव्हा' असंच म्हणत आलो, जणू तो एक दिवस होता. तो दिवस नव्हता, तो तुझा मुलगा होता. आणि चिमुटीचा तो दादा आहे. तो नसता तर तुला ठिपके कळले नसते, यंत्र आलं नसतं, चार वाजता फोन वाजला नसता, आणि मी क्रीम लावलेल्या हातांनी जरा पडले असते. एका दादानं बहिणीसाठी याहून जास्त काय करायचं? ती कळती झाली की हे मी तिला सांगणार आहे, आणि ती विचारणार, माझ्या दादाचं नाव काय. मला ते माहीत नाही. म्हणून ये. तुला रडू येईल आणि आमच्या आनंदावर पाणी पडेल असं वाटत असेल, तर खुशाल रड, मी तर बिस्किट करपलं तरी रडते. तुझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. पाय जमिनीवर टेकव, चिमुटीला मांडीवर घे, पाच मिनिटं आपण दोघी गप्प बसू. मग त्याचं नाव तिला सांग. जरा मोठ्यानं सांग, तुझ्या तलावावरच्या आवाजात, म्हणजे मलाही ऐकू येईल.

तुझीच, अजून न बुडालेली,
ढेकूळ